नाटकाची आणेवारी

माझं अक्षर वाईट आहे. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर हातात पेन कमी आणि सुई जास्त राहिली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, ओळी वर-खाली जातील. त्याची आधीच माफी मागते. जे लिहिलं आहे त्यात वाढवलेलं काही नाही. हे कुणाला दाखवायचं ते अजून ठरलेलं नाही. पटकन भरवसा ठेवायची माझी सवय गेली आहे.

अमरावतीचं सभागृह. स्टेजवर खुर्च्यांची रांग. शेवटच्या खुर्चीच्या काठावर मी. अंगावर हिरवी साडी, तीही जिच्या दुकानात काम करते त्या बेबीताईकडून मागून आणलेली. समोर अंधारात माणसं होती, त्यांचे चष्मे तेवढे चमकत होते.

सरांनी माईक घेतला. सर म्हणजे कॉलेजात शिकवणारे, नाटकांवर लिहिणारे गृहस्थ. मोबाईलवर त्यांचं एक पेज चालतं. कोणतं नाटक कसं आहे, त्याला किती गुण, हे त्यात असतं. त्या दिवशी पेजचा वाढदिवस होता. मला अकोल्याहून सत्कारासाठी बोलावलं होतं.

सर म्हणाले, "आता आपल्या सर्वांत लाडक्या समीक्षक. शिक्षण इयत्ता चौथी. मी काही बोलत नाही, तुम्हीच ऐका."

आणि त्यांनी मोबाईल माईकला लावला.

माझाच आवाज. घरी मोरीजवळ उभी राहून, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये असा हळू बोललेला. त्यांना एकट्यांना पाठवलेला.

"सर, ते बाई नवऱ्याच्या अंगावर पडून रडून राहिली होती, पण तिचं सारं ध्यान पदराकडे. पदर सरकला का घे वर, सरकला का घे वर. जिचं माणूस मेलं तिले पदराची याद राहते का? अन् त्या मेलेल्या माणसाचं पोट सारखं वर-खाली होये. मी आठ आणे देतो."

सभागृह फुटलं. पुण्याहून आलेले पाहुणे चष्मा काढून डोळे पुसत होते. त्यांच्याबरोबरची बाई ओरडली, "'देतो' म्हणाल्या! किती गोड!"

आमच्याकडे बायका देतोच म्हणतात. माझी आई म्हणायची. त्यात गोड काय आहे ते मला कळलं नाही.

सरांनी तेवढाच तुकडा परत लावला. आठ आणे देतो. परत लावला. आठ आणे देतो.

मग म्हणाले, "यांचे वडील गावचे कोतवाल होते बरं का. गावात दवंडी द्यायचे. लेक नाटकांची दवंडी देते. रक्तातच आहे!"

पुन्हा हशा. कोतवाल कोणत्या वस्तीतला असायचा हे ज्यांना ठाऊक होतं, ते जरा जास्तच मोकळे हसले. मी मान खाली घातली. हे बापाचं मीच सांगितलं होतं त्यांना. त्यांनी आदराने विचारलं म्हणून.

शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला. विंगेत आले तर एक जण म्हणाला, "मावशी, शाल द्या वापस. एकच हाये, पुढच्याले लागते." मी दिली.

तेव्हा मागे वळून पाहिलं. स्टेजच्या पडद्यावर माझा भला मोठा फोटो. त्याखाली त्याच नाटकाचं नाव, ते पोट हलणाऱ्या मेलेल्या माणसाचं. आणि आकडे. इंग्रजी मला येत नाही, आकडे येतात. आठ, एक तिरपी रेघ, दहा.

मी आठ आणे म्हटलं होतं. सोळातले आठ. निम्मे.

हसण्याचं दुखणं तिथेच थांबलं. दुसरं सुरू झालं.

माझा बा बाळापूर तालुक्यातल्या एका गावचा कोतवाल. आम्ही बौद्ध. बाच्या बापाने दीक्षा घेतली, गावाने हाक बदलली नाही. "ए कोतवाल." बाचं नाव गावातल्या कुणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

तेव्हा आणेवारी व्हायची. गावात पीक किती आलं ते सोळा आण्यांत सांगायचं. सरकार आता पैसेवारी म्हणतं, बाच्या तोंडात आणेवारीच होती. आठ आण्यांच्या वर गेलं की पीक चांगलं, सवलत नाही. खाली आलं तर दुष्काळ. तलाठी यायचा, सोबत गावची मोठी माणसं, आणि दोरी धरायला बा. मी बाच्या मागे. शाळा सुटली होती, दुसरं करायला काय होतं?

तलाठी सडकेला गाडी लावायचा आणि धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभं राहून पीक बघायचा. सडकेच्या कडेचं पीक नेहमी उंच असतं. लोक तिथेच जास्त खत टाकतात, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसावं म्हणून. बा हळूच म्हणायचा, "सायेब, मधात चाला." मधात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याएवढी, बोंडं काळी पडलेली. तलाठी म्हणायचा, "तू दोरी धर. आकडा मी टाकतो."

घरी आल्यावर बा आईला खरे आणे सांगायचा. कागदावर दुसरेच गेलेले असायचे. आई म्हणायची, "तुमाले कोन इचारते?" बा म्हणायचा, "कोनी नाही इचारत. पण मले मालूम पाह्यजे ना."

लग्न होऊन मी अकोल्याला आले. घरवाला ट्रकवर, महिना महिना बाहेर. जठारपेठेत बेबीताईचं फॉल-पिकोचं दुकान आहे, तिथे साड्यांना फॉल लावते. एका हिवाळ्यात नाट्यस्पर्धेतल्या एका मंडळाच्या साड्या आमच्याकडे आल्या. पोचवायला नाट्यगृहात गेले. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "थांबा मावशी, पाहून जा." थांबले. नाटक संपलं तरी उठले नाही. झाडणारा आला, तेव्हा उठले.

तेव्हापासून स्पर्धा लागली की जाते. चहा-नाश्त्याच्या भावात तिकीट मिळतं. बेबीताईला ओढून नेते. ती अर्धं नाटक झोपते. तिची झोपही माझ्या कामाची आहे. बेबीताई जागी राहिली म्हणजे नाटकात काहीतरी आहे.

मी कशी पाहते ते सांगते. पुढच्या रांगांत बसत नाही. तिथे नटांच्या आया, मावश्या, शेजारी असतात. ते सगळं धुऱ्यावरचं पीक. त्यांची टाळी मी धरत नाही. मी मध्ये बसते, जिथे कुणी कुणाला ओळखत नाही. तिथे कुणाचा मोबाईल उघडतो, कुणाला खोकला येतो, आणि कुणी चिवड्याची पुडी घट्ट मुठीत धरून बसतं, आवाज होऊ नये म्हणून, हे सगळं कळतं.

जो बोलतो त्याच्याकडे सगळे बघतात. मी न बोलणाऱ्याकडे बघते. तो ऐकतो आहे, की आपली पाळी यायची वाट बघतो आहे? बाई भरलेली घागर घेऊन येते, तिच्या कमरेला ती भरलेली वाटते का? बाप पोराला मारतो, तेव्हा कोपऱ्यातली आजी काय करते? बरेचदा आजी प्रेक्षकांकडे बघत असते.

त्याच दिवशी आणे देत नाही. दुसऱ्या दिवशी फॉल लावताना काय परत येतं ते बघते. टाका घालता घालता नाटकातलं एखादं माणूस येऊन बसलं, तर पीक आलं. नुसता लाल-निळा उजेड आठवला, तर नाही आलं. उपाशीपोटी नाटक बघत नाही. एकदा दाढ ठणकत होती आणि मी एका नाटकाला पाच आणे दिले. मनाला लागून राहिलं. त्यांचा प्रयोग परत लागला तेव्हा परत तिकीट काढून गेले. अकरा केले. सोळा आजवर कुणाला दिले नाहीत.

आमच्या वस्तीतल्या मुलांनी एकदा नाटक बसवलं. चळवळीचं. वस्ती सगळी लोटली. मीही गेले, मध्ये बसले. सहा आणे दिले. शब्द खरे होते, पण स्टेजवरची माणसं एकमेकांशी बोलतच नव्हती. सगळे आमच्याकडे तोंड करून ओरडत होते. दुसऱ्या दिवशी नळावर एक बाई म्हणाली, "आपल्याच पोट्ट्याइले सहा आणे? तू कोनाकडून हायेस व?"

मी म्हटलं, "आपलं वावर असलं म्हणून कापूस जास्ती येते का?"

ती हंडा उचलून गेली. पुष्कळ दिवस बोलली नाही.

अशाच एका स्पर्धेत, मध्यंतरात मी बेबीताईला आणे समजावत होते. ती म्हणत होती, "तू काय नाटकाची तहसीलदार लागून गेली का वो?" मागून कुणीतरी हसलं. ते सर होते. म्हणाले, "बाई, हे फार वेगळं आहे. मला सांगाल का दरवेळी?"

मी वर बघितलंसुद्धा नाही. परक्या माणसाशी बोलायला माझी जीभ उचलत नाही. सरांनी ते ओळखलं. म्हणाले, "फोनवर बोलून पाठवा. समोर कुणी नसतं. तुमचं मत मी जसंच्या तसं टाकीन." मग बाजूच्या बाकावर बसले आणि हे आणे कुठून आले ते विचारलं. मी बाचं सांगितलं. धुरा सांगितला, दोरी सांगितली. सर मान हलवत होते. "विलक्षण," म्हणाले. माझ्या बापाबद्दल कुणी असा शब्द पहिल्यांदा वापरला. मला काय ठाऊक, ते गाठीला बांधून ठेवत होते.

घरवाल्याच्या जुन्या मोबाईलवरून मी बोलणं पाठवू लागले. त्यावर सरांचं पेज उघडत नसे. दर नाटकामागे बेबीताईच्या फोनवर पैसे यायला लागले. सर म्हणाले, मानधन आहे, तिकिटाचं आणि चहापाण्याचं.

मी बेबीताईला विचारलं, "तो काहून देऊन राहिला पैसे?"

"तू फॉल लावतं त्याचे घेतं ना? मंग याचे काहून नाही?"

"फॉल दुसऱ्याच्या साडीले लावतो. हे तर माह्या डोक्यातलं हाये."

"मंग त्याचे जास्ती माग," बेबीताई म्हणाली.

घेतले. पण त्या पैशाने काढलेल्या तिकिटावर बसताना खुर्ची टोचायची. नाटक बघताना मध्येच वाटायचं, हे मी बघते आहे की मला बघायला पाठवलं आहे? त्या शंकेचं मी तेव्हा ऐकायला हवं होतं.

तर अमरावतीचा तो दिवस. सत्कार झाल्यावर बाहेर समोसे होते. सर पाहुण्यांच्या घोळक्यात उभे होते. मी ताटली हातात घेऊन त्यांच्यामागे उभी राहिले. बराच वेळ. मग म्हटलं, "सर, मी आठ आणे देले होते. तिथं आठ नंबर लिवला हाये."

"अहो, आणे आता कुणाला कळतात? लोकांना दहापैकी कळतं. तुम्ही आठ म्हणालात, आम्ही आठ लिहिलं."

"सोळातले आठ मंजे दहातले पाच होते ना, सर."

पुण्याची बाई म्हणाली, "अय्या, गणितही येतं!"

सर हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं, ठेवला नाही. "बाई, तुम्ही मत देत जा. तुमचं ते छान आहे. आकड्याचं आम्ही बघतो."

माझ्या हातातली ताटली वाकडी झाली. चटणी बेबीताईच्या साडीवर सांडली. सरांना तलाठ्याचं ते 'आकडा मी टाकतो' ठाऊक होतं. मीच त्यांना बाकावर सांगितलं होतं. तरी त्यांच्या तोंडून तेच निघालं, आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही.

परतीच्या एसटीत बडनेऱ्यापर्यंत मी स्वतःला समजावत होते. शिकलेला माणूस आहे, आण्यांचा हिशेब खरंच आला नसेल. चूक असेल. मूर्तिजापूर येईपर्यंत चूक हा शब्दही मला संशयाचा वाटायला लागला. चूक असेल तर ती सगळ्याच नाटकांना सारखी झाली असेल. ते बघायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात साडी परत दिली. बेबीताई डाग पाहून जे बोलली ते लिहीत नाही. मग मी म्हटलं, "ताई, तुह्या मोबाईलवर ते पेज काढ. वस्तीच्या पोट्ट्याइचं नाटक दाखव."

तिने काढलं. फोटोत आमची मुलं, मुठी वर केलेली. खाली आकडा. चार, तिरपी रेघ, दहा.

बेबीताई म्हणाली, "तू तर सहा देले होते ना वो?"

"हो."

"मंग सहाच राहाले पाह्यजे. चार कसे झाले?"

मी सुई खाली ठेवली. सोळातले सहा म्हणजे दहातले चार, जवळजवळ. बरोबर हिशेब. म्हणजे सरांना आणे कळत होते. आमच्या मुलांचे आणे त्यांनी नीट मोजून दहावर आणले. पोट हलणाऱ्या मेलेल्या माणसाचं नाटक करणाऱ्या त्या पैसेवाल्या मंडळाचे आणे न मोजता तसेच ठेवले. एकाच बाईची आणेवारी, वावर बघून दोन हिशेब.

बेबीताईने पेज आणखी वर-खाली केलं. मोठ्या डॉक्टर-वकिलांच्या मंडळांची नाटकं: मी सात म्हटलेलं सात, नऊ म्हटलेलं नऊ. तालुक्याच्या, खेड्यातल्या मुलांची: मी दहा म्हटलेलं सहा. सगळ्यांवर माझाच फोटो. हात जोडलेला.

मग मला बेबीताईचाही संशय आला. पैसे तिच्याच फोनवर यायचे. मी विचारलं, "तुले त्यानं वरून काही देलं तर नाही ना?"

"माह्यावर शक? जीभ झडन तुही!" तिने मोबाईल माझ्यापुढे आपटला. आलेले पैसे आणि मला दिलेले पैसे एकेक करून वाचून दाखवले. सगळे जुळले. मी माफी मागितली. ती दिवसभर बोलली नाही, पण चहा माझ्यासाठीही मागवला.

त्याच आठवड्यात मोर्शीहून नणंदेचा फोन आला. त्या पैसेवाल्या मंडळाने स्पर्धेनंतर अमरावतीत चारशे रुपये तिकीट लावून प्रयोग केले होते. जाहिरातीवर माझा फोटो आणि आठ नंबर.

"वयनी, तुहा फोटो पाहून गेली मी. सुनेले घेऊन गेली. दोघीचे आठशे रुपये. सून म्हणते, आत्याबाई, मामीजीनं याले आठ नंबर देले? त्याइले नाटक समजते का काही? काय सांगू तिले?"

मी म्हटलं, "मी देले नाही."

"फोटो तुहा हाये ना?"

नणंद काही वाईट बोलली नाही. तिचा माझ्यावरचा भरवसा गेला होता, आणि तो घालवायला माझाच चेहरा वापरला होता. मला कुणी अडाणी म्हटलेलं चालतं. आहेच मी. पण माझ्याजवळ एवढी एकच गोष्ट होती, की मी जेवढं पाहिलं तेवढंच सांगते. बाचंही तेवढंच होतं. त्याचा आकडा कधी कागदावर चढला नाही, पण खोटा आकडा त्याच्या नावावरही कुणी चढवला नव्हता. माझ्या नावावर चढवला.

मी स्वतः फोन लावला. जन्मात पहिल्यांदा परक्या माणसाला. म्हटलं, "सर, माहा फोटो काढून टाका. माहे आकडे काढून टाका."

सर आधी गोड बोलले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही मानधन घेतलंय. मानधन घेतलं की मत तुमचं राहत नाही, पेजचं होतं. फोटो काढायचा तर सगळे पैसे परत करा. एकरकमी." आणि हसले. मला जमणार नाही याची त्यांना खात्री होती. फोन ठेवल्यावर मला कळलं, ते मानधन नव्हतं. तोंडाला लावलेलं कुलूप होतं, आणि मीच ते चहापाणी म्हणून घेतलं होतं.

पुढचे महिने पैसे जमवायला मी दुकानातल्या साड्या घरीही आणल्या. बेबीताई म्हणाली, "मी देतो ना उसने." मी नाही म्हटलं. एका माणसाच्या पैशातून सुटायला दुसऱ्याचे कशाला? त्या काळात सरांना एकही आवाज पाठवला नाही. बेबीताईच्या फोनवर त्यांचे दोन निरोप आले, नव्या नाटकाबद्दल. दुसऱ्यात लिहिलं होतं, बेबीताईने वाचलं: "रागावलात का? मानधन वाढवू." बेबीताईचं मन थोडं हललं असावं. मोबाईल तिने लगेच खाली ठेवला नाही.

हिवाळा आला. अकोल्याला स्पर्धा लागली. मी माझ्या पैशाचं तिकीट काढलं आणि पैशाची पुरचुंडी कमरेला खोवून गेले. बेबीताई सोबत होती. नाट्यगृहाच्या दारात गर्दी. सर तिथे होतेच, सोबत कॅमेरावाला आणि त्या दिवशीच्या नाटकाचे निर्माते, जाडजूड, गळ्यात मफलर.

मला बघून सरांचा चेहरा उजळला. "या, या! आपल्या समीक्षक आल्या." आणि कॅमेरा माझ्याकडे वळवला. हळूच म्हणाले, "दोन वाक्यं बोला. वऱ्हाडीतच. शेवटी आठ म्हणा."

मी म्हटलं, "नाटक झालंच नाही अजून."

निर्माता म्हणाला, "मावशी, आपलं नाटक चांगलंच हाये. तुमी बिनधास्त सांगा."

लोक थांबून बघायला लागले होते. खोटं कशाला सांगू, मला पळून जावंसं वाटत होतं. बेबीताईने मागून माझा हात धरला. धीर द्यायला की थांबवायला, ते आजही मला ठाऊक नाही.

मी कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. दारातल्या लोकांकडे बघितलं. म्हटलं, "मी कोनत्याच नाटकाले नंबर देले नाही. मी आणे देतो. वस्तीच्या पोरांचे सहा आणे यानं बरोबर मोजून चार केले. पैसेवाल्याचे आठ आणे यानं आठच ठेवले. त्याइच्याकडून पैसे घेतले का नाही, ते यालेच पुसा. माहा फोटो पाहून कोनी तिकीट काढू नका."

सर म्हणाले, "कॅमेरा बंद कर."

कुणी टाळी वाजवली नाही. एक जण म्हणाला, "काय झालं? कोन हाये ते बाई?" दुसरा म्हणाला, "असंन काहीतरी पैशाचं लफडं." दोन कॉलेजच्या मुली माझ्याकडे बघून कुजबुजल्या. निर्माता मफलर सारखा करत आत निघून गेला. पहिली घंटा झाली. बरेच लोक आत गेले. जग काही उलटंपालटं झालं नाही.

तिथे उभी असलेली एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, मंग आजचं कसं हाये?"

"पाहून सांगतो, आजी. उद्या."

"उद्या मी कुठं येऊ?"

"जठारपेठेत फॉलच्या दुकानात. कोनालेही पुसा."

मग मी पुरचुंडी काढली. सर आवाज खाली आणून बोलले, आता गोडवा नव्हता. "बाई, तुम्हाला कोण ओळखत होतं? मी उभं केलं तुम्हाला. हे बरं नाही केलंत."

"मोजा," मी म्हटलं.

"राहू द्या. मी काही एवढा—"

"मोजा सर. तुमीच म्हणाले, एकरकमी. इथंच मोजा."

चहावाला बघत होता, तिकिटवाला बघत होता. सरांनी नोटा घेतल्या. जुन्या, चुरगळलेल्या, साड्यांच्या फॉलमधून आलेल्या. त्यांनी घाईने मोजल्या. मी म्हटलं, हळू मोजा. परत मोजल्या.

"बरोबर आहेत," ते म्हणाले.

"मोठ्यानं म्हणा."

"बरोबर आहेत. पूर्ण आहेत."

"आता फोटो काढा. माह्यासमोर. बेबीताईले मोबाईलातलं समजते."

ते मोबाईलमध्ये बोट फिरवत राहिले. दुसरी घंटा झाली. बेबीताई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती, एकेक नाटकाचं नाव घेत होती, आणि माझा हात जोडलेला फोटो एकेक करून जात होता. मी त्यांच्या बोटावरून नजर काढली नाही. एकदा ते थांबले, म्हणाले, "बाकीचे घरी जाऊन काढतो." मी जागची हलले नाही. त्यांनी बाकीचेही काढले.

यापुढे पास घेणार नाही. चहासुद्धा कुणाचा घेणार नाही. कुणी माझ्या बोलण्याचं कौतुक केलं की आधी त्याच्या हाताकडे बघीन. आणि आणे मोठ्याने सांगीन, विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही.

सरांनी नोटांची घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. त्यांचं माझ्याकडे काही राहिलं नाही.